भाऊजींनी चप्पल काढली तो दसरा

भाऊजींचा हात पेटीच्या पत्र्याला चिकटला आणि सुटेना. तोंडातून आवाज येत नव्हता. दात आवळलेले, मान मागे गेलेली आणि सगळं अंग बारीक थरथरत होतं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासू, "दत्त्या, काय झालं रे," म्हणत त्यांना ओढायला धावल्या. मी स्वयंपाकघरातून पोळपाट हातात घेऊनच आले होते. मी आधी आत्याबाईंना ढकललं. खांदा लावून ढकललं. त्या ओसरीच्या खांबापाशी जाऊन पडल्या. मग पोळपाटाची कड भाऊजींच्या मनगटावर घातली. हात सुटला नाही. पुन्हा सगळा जोर लावून घातली, तेव्हा हाड मोडल्याचा आवाज आला आणि हात सुटला. भाऊजी ओल्या, नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर पडले. त्यांचे पाय अनवाणी होते.

त्या माणसाचे अनवाणी पाय मी तोवर कधी पाहिले नव्हते.

भाऊजी म्हणजे माझ्या मालकांचे धाकटे भाऊ. पूर्णेत त्यांना दत्ता म्हणून ओळखणारे घरचेच. बाकी सगळे 'चप्पलवाले' म्हणत. स्टेशनाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आत एक माणूस बसला की दुसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं, एवढंच. चपला विकण्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. पण निळ्या पट्ट्यांची रबरी चप्पल त्यांच्या पायातून उतरत नसे. दुकानात नाही, घरात नाही, जेवताना नाही. एकदा नाव ऐकून कोणी नवखा माणूस खरंच तुटकी चप्पल घेऊन आला. भाऊजींनी त्याला काही सांगितलं नाही. तांब्याच्या तारेनं पट्टा बांधून दिला आणि म्हणाले, "पावसात टिकंल. नाचू नका फक्त."

आत्याबाईंच्या स्वयंपाकघरात चप्पल चालत नव्हती. म्हणून भाऊजींचं ताट बाहेर ओसरीवर. रोज जेवताना मायलेकांचं तेच बोलणं.

"घरचा हायस का पाव्हणा? बाहेर बसून खायलायस."

"माय, भाकर आत खाल्ली काय अन् बाहेर खाल्ली काय, जायची एकाच जागी."

"देवापुढं तरी काढत जा."

"देवाला म्हण, लाईट बंद ठेव. मंग काढतो."

त्यांचं लग्न झालं नाही. एका ठिकाणी मुलगी बघायला गेले होते. बैठकीत सगळ्यांच्या चपला दाराशी आणि यांची पायात. पोहे खाऊन झाल्यावर मुलीचे वडील म्हणाले, मुलगा चांगला आहे, पण त्याला उठून जायची घाई दिसते. त्यावर भाऊजी महिनाभर हसत होते. मला काही त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. पण त्यांना लग्न करायचंच नव्हतं असं माझं मत आहे.

या चपलेचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते नांदेडला एका उस्तादाकडे काम शिकले. तिथं दोघं शिकाऊ होते, शिवाय उस्तादाचा भाऊ. एक दिवस अनवाणी काम करताना दुसऱ्या शिकाऊला करंट लागला. उस्तादाच्या भावानं त्याला धरून ओढलं. "लागला होता एकाला, वहिनी. गेले दोघं," एवढंच म्हणाले आणि भाकरी मोडून खायला लागले. त्यानंतर मी चपलेबद्दल बोलले नाही. आत्याबाईंना मात्र हे त्यांनी कधी सांगितलं नाही. म्हातारी घाबरंल म्हणायचे.

ते सांगायचे दुसरंच, आणि ते इतक्या वेळा सांगायचे की कान किटायचे. भाजी वाढताना, कपडे वाळत घालताना, कधीही.

"वहिनी, माणूस चिकटला तर काय करायचं?"

"लाकूड मारायचं."

"त्याच्या आधी?"

"जवळच्याला दूर ढकलायचं."

"अन् माणसाला हात?"

"लावायचा नाही. भाऊजी, भाकरी करपायलीय माझी."

शाळेत चौथीपर्यंत मला इतक्या वेळा एकच प्रश्न कोणी विचारला नव्हता. उत्तर चुकलं तर परत विचारायचे, बरोबर आलं तरी दुसऱ्या दिवशी परत विचारायचे. मालक म्हणायचे, "तू नापास हो एकदा, त्याशिवाय सोडणार न्हाई तो."

आणखी एक सवय होती. कशालाही पहिल्यांदा हात लावायचा तो हाताच्या पाठीनं. टीव्ही असो, लोखंडी गेट असो, गरम भाकरी असो. माझ्या मुलीला ताप आला तरी कपाळाला हाताची पाठ लावायचे. तळवा लावला तर करंटनं मूठ आवळते आणि धरलेलं सुटत नाही, पाठ लावली तर हात मागे फेकला जातो, असं त्यांचं म्हणणं. आमची मुलगी लहानपणी बाहुलीचा तापही तसाच बघायची.

आता पेटीचं सांगते. भाऊजी सामान आणायला हैदराबादला जात. एकदा तिथून आले ते वेगळेच. ताटावर बसले तरी बोलणं तेच. तिथं कुठल्या तरी प्रदर्शनात त्यांनी माणसाएवढी उंच एक पेटी पाहिली होती. वर टीव्ही, खाली दांडा आणि बटणं, आणि लोक पुढे उभे राहून खेळतात. टीव्हीतला चेंडू खालच्या फळीनं परतवायचा आणि वरच्या विटा फोडायच्या.

"अन् फोडून काय मिळतं?" मी विचारलं.

"काही न्हाई."

"मग?"

"परत विटा येतेत."

मी म्हटलं, हे तर माझ्या भांड्यांसारखं झालं. घासली की परत येतात. भाऊजी म्हणाले, "वहिनी, पूर्णेत लोकं काय करतेत? गाडी बदलायची म्हणून उतरतेत अन् वाट बघत बसतेत. सगळं गाव वाट बघणाऱ्यांचं. त्यांच्या हाताला काही तरी पाहिजे का नको?" आमचं गाव जंक्शन. एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत माणसं फलाटावर चादर टाकून पडायची, हे खरंच होतं. त्यांनी तशी पेटी स्वतः बनवायचं ठरवलं होतं, आणि ठरवल्यावर त्यांना सांगण्यात अर्थ नसे.

दुकानात पेटी उभी करायला जागा नव्हती, म्हणून काम आमच्या ओसरीवर आलं. ती विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाची वर्षं. मोर्चे, बंद वरचेवर व्हायचे. बंद म्हटला की एस. टी. उभी, शटरं खाली, आणि भाऊजी घरी. मालक रेल्वेत, त्यांना ड्युटी चुकत नसे. पण भाऊजी मात्र सकाळपासून ओसरीवर करवत घेऊन बसायचे. बाहेर काय होईल याची आम्हाला काळजी असायची, दाराला कडी असायची, आणि आत लाकडाचा भुसा उडत असायचा. पेटी बरीचशी बंदच्या दिवसांत झाली.

लाकूड आलं मानवतहून. तिथल्या एका कापसाच्या व्यापाऱ्याचं सागवानी कपाट मोडलं होतं. भाऊजींनी त्याचा रेडिओ दुरुस्त केला आणि मजुरीच्या जागी ते कपाट मागितलं. एस. टी.च्या टपावर टाकून आणलं. पूर्णेच्या स्टँडवर कंडक्टर वर चढून दोरी सोडताना म्हणाला, "चप्पलवाले, लोक आधी बायको आणतेत, मंग कपाट." भाऊजी खालून म्हणाले, "कपाट मोडकं हाय म्हणून तर मिळालं. जपून उतरा."

टीव्ही मिळाला तो दुकानातलाच. काळा-पांढरा, वरचा डबा फुटलेला, दुरुस्तीला टाकून ज्याचा तो परत न आलेला. आतला खेळ हैदराबादहून आणलेल्या एका लहान डब्यात होता, तो टीव्हीला जोडायचा. पण त्याची बटणं नखाएवढी होती. उभ्या माणसानं दोन्ही हातांनी खेळावं अशी बटणं पाहिजेत म्हणून त्यांनी दारावरच्या घंटीची बटणं लावली. दांड्यासाठी मात्र चार दिवस डोकं खाजवलं. दांडा कुठंही वळला पाहिजे आणि सोडला की आपोआप मधे आला पाहिजे. शेवटी सायकलच्या ट्यूबचं रबर कापून त्याची कडी केली, चारी बाजूंना पितळेच्या पट्ट्या ठोकल्या. लोखंडी सळई त्या कडीत बसवली. आणि सळईला मूठ पाहिजे म्हणून माझं लाटणं कापलं.

मला न विचारता कापलं. मी पोळ्या करायला बसले तर लाटणं नाही. बाहेर येऊन बघते तर त्याची मूठ सळईवर.

"भाऊजी, हे काय?"

"वहिनी, बाजारात अशी गोल मूठ मिळत न्हाई. हाताला लय बरी लागती. बघा तर धरून."

मी धरून बघितली. बरी लागत होती. पण ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, पोळ्या आता तळव्यानं लाटू का. संध्याकाळी नवीन लाटणं आलं.

दांडा आणि बटणं बसवायला जी फळी होती, तिच्यावर त्यांनी तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकला. लोकांच्या घामानं लाकूड खराब होतं म्हणे. पत्रा घासून चकचकीत केला होता. दिसायला पेटी खरंच देखणी झाली.

फक्त एक खोड होती. तसल्या जुन्या टीव्हीत दोन दांड्यांचा प्लग असायचा आणि तो सरळ बसला तर ठीक. उलटा बसला तर आतल्या सगळ्या लोखंडात करंट उतरायचा, आणि तारांमधून तो त्या पत्र्यात. भाऊजींनी मला समजावून सांगितलं आणि माझी नखाला लावायची लाल बाटली मागून घेतली. प्लगच्या एका बाजूला टिपका दिला. "लाल वर. लाल वर असला की मेलेलं मांजर. लाल खाली गेला की वाघ." घरात सगळ्यांना पाठ करायला लावलं. आत्याबाईंनी ऐकलं की नाही, देव जाणे. त्यांना ती पेटीच मंजूर नव्हती.

"घोडा झालास तरी खेळणी करायलायस," त्या म्हणायच्या. "त्यापेक्षा एखादं देवघर केलं असतंस."

"हे पण देवघरच हाय माय. लोकं पुढं उभी राहतील, हात जोडायच्या ऐवजी बटण दाबतील."

"जीभ झडंल."

पण पेटी पूर्ण झाली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर, आणि दसऱ्याला घरातल्या अवजारांची पूजा होते. आमचे लोक मूळचे पालमकडचे, कोरडवाहू शेतीवाले. तिकडं दसऱ्याला नांगराची पूजा, इथं पूर्णेला आल्यावर मालकांच्या कंदिलाची आणि भाऊजींच्या पकडीची. आत्याबाईंनी स्वतःच ठरवलं की पेटीचीही पूजा होईल. पेटी मंजूर नव्हती, पण पूजा न करता घरात नवीन वस्तू सुरू होणं त्याहून नामंजूर होतं.

सकाळी मी ओसरी सारवली. आत्याबाईंनी पकड, पेचकस, करवत, सगळं ओळीनं मांडलं, धुतलं आणि प्रत्येकाला हळद-कुंकू लावलं. पेटीला झेंडूची माळ घातली. मालक ड्युटीवर होते, मुलगी शेजारच्या गोदाबाईंकडे फुलं आणायला गेली होती. मी आत पुरणपोळ्यांना लागले. भाऊजी अंघोळ करून, धुतलेला सदरा घालून आले.

"चप्पल काढ," आत्याबाई म्हणाल्या.

"माय, पेटी चालू करायची हाय."

"मंग कर चालू अन् काढ. न्हाई तर काढ अन् कर चालू. चप्पल घालून पूजा करणार असशील तर नारळ तुझ्या डोक्यावर फोडते."

हे मला आत ऐकू येत होतं. भाऊजींची चप्पल पायरीपर्यंत फटफटत गेली. मग म्हणाले, "आजच्या दिवस काढतो." ते माझ्याही कानांना चमत्कारिक वाटलं. मी हातातली पोळी टाकून उठणार होते, पण तव्यावरची फुगत होती. वाटलं, प्लग त्यांच्याच हातात आहे, त्यांच्याइतकं कोणाला कळतं. म्हणून बसून राहिले.

पुढचं मी नंतर दोघांच्या तोंडून जोडून घेतलं. भाऊजींनी चप्पल काढून पायरीवर ठेवली. खाली पडलेला प्लग उचलला, लाल वर करून बोर्डात लावला. पेटीत उजेड आला, विटा दिसायला लागल्या. आत्याबाईंनी हात जोडले. भाऊजींनी दगडावर नारळ फोडला, पाणी पेटीवर शिंपडलं, खाली पायांवरही सांडलं. मग नमस्कार करायला वाकले. नमस्कार करताना कोणी हाताची पाठ टेकवत नाही. त्यांनी पत्र्याच्या कडेला तळवा धरला आणि डोकं खाली नेलं. डोकं पोहोचलंच नाही.

आत्याबाईंची हाक मी ऐकली आणि उठले. हातात पोळपाट होता तो तसाच आला. दारातून दिसलं ते एवढंच की माणूस चिकटलाय आणि दुसरं माणूस त्याच्याकडे धावतंय. मी काही विचार केला असं म्हणणार नाही. रोज विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलं, बस.

भाऊजी खाली पडल्यावर मी आधी पोळपाटानंच वायर ओढून प्लग बाहेर काढला. मग त्यांच्या छातीला कान लावला. आत चाललेलं होतं. वेडंवाकडं, पण चाललेलं. थोड्या वेळानं त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "माय?"

"पडलीय. बरी आहे. मी ढकललं."

"हां," ते म्हणाले आणि परत डोळे मिटले.

तेव्हा माझं लक्ष प्लगकडे गेलं. तो माझ्या पायापाशी पडला होता, लाल वर. उचलून उलटा केला तर खालीही लाल. एका बाजूचा टिपका बोटानं घासला, पुसला गेला नाही. दुसऱ्या बाजूचा घासला तर बोट लाल झालं. ते कुंकू होतं. पकड, पेचकस, करवत, आणि जमिनीवर पडलेला प्लग. आत्याबाईंनी कोणालाही सोडलं नव्हतं. जी बाजू वर दिसली तिला बोट लावलं होतं, आणि भाऊजींनी तोच लाल वर केला होता.

आत्याबाई खांबाला टेकून कंबर धरून बसल्या होत्या आणि रडत होत्या. मी पदरानं ते कुंकू पुसून टाकलं. वर बघितलं तर भाऊजींचे डोळे उघडे होते. त्यांनी बघितलं होतं.

गोदाबाई माझ्या मुलीला घेऊन येत होत्या, त्यांनी दारातून शेवटचं तेवढं पाहिलं: सासू खाली, दीर खाली, आणि सून मधे पोळपाट घेऊन उभी. दवाखान्यात पोहोचायच्या आधी गल्लीभर झालं की चप्पलवाल्याच्या वहिनीनं सणासुदीला सासूला पाडलं आणि दिराला मारलं. दवाखान्यात डॉक्टरनं मनगट बघितलं.

"हे कशानं मोडलं?"

"पोळपाटानं," भाऊजी म्हणाले.

"कोणी मारला?"

"वहिनीनं."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो. मग सगळं सांगितल्यावर ते म्हणाले की आणखी थोडा वेळ गेला असता तर इथं आणायची गरज नव्हती. प्लास्टर घातलं. हाड वाकडंच जुळलं. त्या हातानं भाऊजींना पुढं तांब्या सरळ धरता यायचा नाही, पाणी नेहमी कडेनं सांडायचं. मी म्हणायचे, सांडू द्या.

संध्याकाळी आपट्याची पानं द्यायला बायका आल्या. सोनं द्यायचं निमित्त, बघायला आल्या होत्या मला. गोदाबाई आत्याबाईंच्या जवळ बसून हळूच म्हणाल्या, "काही म्हणा, पण सुनेनं सासूला ढकलायचं म्हणजे जास्तच झालं की वो."

मी आतून ऐकत होते. आता आत्याबाई काय बोलतात ते मला ऐकायला पाहिजे होतं, कारण त्या घरात मला अजून पुष्कळ दिवस काढायचे होते. दुपारी भाऊजी त्यांच्याजवळ बसले होते. नांदेडची गोष्ट, इतकी वर्षं लपवलेली, त्यांनी तेव्हा सांगितली असणार.

आत्याबाई म्हणाल्या, "मला ढकललं ना? कंबर माझी दुखायलीय ना? मंग तू कामून कण्हायलीस?"

तो विषय गल्लीत तिथंच संपला.

प्लग उलटा कसा बसला, असं मालकांनी रात्री घरी आल्यावर विचारलं. भाऊजी म्हणाले, "माझ्याच हातून. गडबडीत." पुढेही कोणी विचारलं की तेच सांगायचे. दुकानात लोक चिडवायचे, चप्पलवाले, दुसऱ्याला शिकवता अन् स्वतः उलटा प्लग लावता. भाऊजी हसून म्हणायचे, "चुकतं माणसाचं." ज्या माणसाचं त्या कामात एवढंसंही चुकत नसे, त्यानं ते आयुष्यभर स्वतःवर घेतलं. आत्याबाईंना एवढंच माहीत होतं की त्यांनी चप्पल काढायला लावली. कुंकवाचं त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. आता त्या नाहीत म्हणून मी सांगते आहे.

चपलेपुरतं मात्र आत्याबाईंनी मनाला लावून घेतलं. पुढच्या बाजारच्या दिवशी रबरी चपलांचा एक जोड आणला, धुतला, आणि देवघराच्या उंबऱ्याशी ठेवला. भाऊजींचं ताट ओसरीवरून स्वयंपाकघरात आलं. ते पहिल्या दिवशी दारातच उभे राहिले.

"आत ये की."

"माय, चप्पल हाय पायात."

"दिसतीय मला. आंधळी न्हाई मी. बस."

पेटी तशीच टाकून देतील असं मला वाटलं होतं. पण प्लास्टर निघाल्यावर भाऊजींनी ती परत उघडली. नांदेडहून एक जड ट्रान्सफॉर्मर आणून आत बसवला. आता प्लग कसाही लावा, पत्र्यात करंट येणार नाही, असं म्हणाले. आणि तरी पत्रा काढून टाकला. त्या जागी त्यांना लाकूड पाहिजे होतं. माझा पोळपाट त्या दिवशी चिरला होता. तो त्यांनी मागितला.

"लाटणं आधीच नेलंत," मी म्हटलं.

"म्हणून तर. जोडी राहती."

पोळपाटाच्या मधोमध भोक पाडून त्यातून दांडा वर काढला. त्या पेटीपुढे उभं राहून जो खेळायचा तो माझ्या पोळपाटावर माझं लाटणं फिरवायचा. पूर्णेच्या किती माणसांना हे माहीत होतं कोणास ठाऊक.

पेटी दुकानाशेजारच्या चहावाल्याच्या छपरात उभी राहिली. गाडी बदलणारे लोक तिथं यायचे. बाहेरगावचे हमाल, परीक्षेला निघालेली मुलं, एकदा तर बंदात अडकलेलं सगळं वऱ्हाड नवऱ्यासकट. पेटीच्या खाली भाऊजींनी लाकडी पाट ठोकला होता, आणि त्या पाटावर रबरी चपलांचा एक जोड तारेनं बांधून ठेवलेला असायचा. खेळायचं तर त्यात पाय घालायचे. ट्रान्सफॉर्मर बसवल्यावर त्याची काही गरज नव्हती. मी तसं म्हटलं. भाऊजी म्हणाले, "पेटीला गरज न्हाई वहिनी. मला हाय."

पेटी तिकडं जायच्या आधी महिनाभर ओसरीवर होती. एक दुपारी मी विहिरीवरून आले तर आतून टुक टुक आवाज. आत्याबाई पाटावर उभ्या, पायात देवघराजवळची चप्पल, डोक्यावरचा पदर मागे गेलेला, आणि दोन्ही हातांनी दांडा धरलेला. मला बघून म्हणाल्या, "कमळे, पुढं येऊ नको. शेवटची वीट राह्यलीय." मी घागर घेऊन तशीच उभी राहिले. वीट काही फुटली नाही. चेंडू खाली गेला. त्या म्हणाल्या, "दत्त्यानं काही तरी उलटं जोडलंय," आणि परत सुरू केलं.

पुढे रंगीत खेळ आले, मग मोबाईल आले, आणि वाट बघणाऱ्यांच्या हाताला दुसरं काही मिळालं. पेटी परत आमच्याकडे आली. आता ती माझ्या नातवाच्या खोलीत कपाट म्हणून आहे, म्हणजे जे होतं ते परत झालं. पोळपाट अजून तिच्यातच आहे. टीव्ही काढून टाकला.

भाऊजी मागच्या उन्हाळ्यात गेले. आजार असा काही नाही, वय झालं होतं. शेवटच्या दिवसांत ते खाटेवरून उठत नसत, तरी पायात चप्पल असायची, आणि मी ती काढली नाही. दुपारी मी पाणी घेऊन गेले. मला म्हणाले, "वहिनी, माणूस चिकटला तर?"

"लाकूड मारायचं."

"त्याच्या आधी?"

"जवळच्याला ढकलायचं. पाणी घ्या."

पाणी घेतलं, थोडं कडेनं सांडलं. संध्याकाळी गेले. नेताना लोकांनी चप्पल काढली. मी काढू दिली. आता तिची गरज नव्हती.

त्या दसऱ्यानंतर आत्याबाई नातीचं लग्न बघून गेल्या. भाऊजी म्हातारे होऊन गेले. मी अजून आहे. त्या सकाळी ओसरीवर आम्ही तिघं होतो, आणि तिघंही वाचलो.